तीन वाजताचा रकाना

सोमवार, ४ जानेवारी

आज तीन वाजताचा रकाना मी कोरा ठेवला.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं, आता पुन्हा उचललंय. वही करायला मास्तरांनी सांगितलं. म्हणाले, तुझ्या तोंडातून काही निघत नाही, हातातून तरी निघेल. मास्तर म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेचे वडीलधारे. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही अठरा माणसं जमतो, आणि खालचा दुकानदार नेमका प्रार्थनेच्या वेळी रेडिओ मोठा करतो. मास्तर म्हणतात, चिडू नका, आपलं त्याला ऐकू जातंय म्हणून तर तो आवाज वाढवतो.

तर रकाना. जलशुद्धीकरण केंद्रात माझी पाळी दुपारी बारा ते आठ. दर तासाला शहरात जाणारं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं पडतं, तो पिवळा तक्त्यातल्या पिवळ्याशी जुळवायचा आणि पाण्यात क्लोरिन किती आहे तो आकडा नोंदवहीत लिहायचा. आठ तास, आठ आकडे. हे झालं नियमातलं. आमच्या केंद्राची रीत वेगळी. पाळीवर यायचं आणि पहिल्या चहाच्या आधी आठही रकाने भरून मोकळं व्हायचं. त्याला 'आगाऊ' म्हणतात. "आगाऊ झालं का?" हे आमच्याकडे "जेवलास का?" सारखं विचारतात. सगळीकडे पॉइंट पाच लिहायचं नाही, मध्ये एखादा पॉइंट सहा टाकायचा, म्हणजे खरं वाटतं. यात मी एके काळी नावाजलेला होतो.

बाप्तिस्मा घेतल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, मी आगाऊ करत नाही. आज एका गाळणीचं, म्हणजे पाणी गाळायच्या हौदाचं, चाक अडकलं, तीनची चाचणी राहिली, म्हणून रकाना कोरा सोडला. पंपावरचा लंबू घाबरला. "अरे, चुकीचा आकडा चालतो, कोरा नाही चालत! कोरं दिसलं की कुणीतरी विचारतं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" साहेबांनी वही पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय संत, नव्या देवानं शाई बंद केली का?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." मग कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता, "एवढा एकच रकाना?"

म्हटलं, आज एकच होता.

रविवार, १० जानेवारी

उपासनेनंतर दादाकडे गेलो. ही आली नाही. टिल्ली गेल्यापासून त्या घरी जायचं म्हटलं की हिचं डोकं दुखतं.

टिल्ली म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पोटाच्या साथीत गेली. त्यांच्या इमारतीत अकरा जण आजारी पडले, दहा उठून बसले. आज एवढंच लिहितो.

दादा दारातच म्हणाला, "या. देव बदलून झाला, आता भाऊ कधी बदलणार?" हे तो दर वेळी म्हणतो. मी दर वेळी म्हणतो, भाऊ तोच बरा आहे. मग आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसतो. पूर्वी दादा आणि वहिनी सारखे एकमेकांना चिडवायचे. आता ते एकमेकांशी ऑफिसातल्यासारखं बोलतात. "बिल भरलं." "बरं."

पाऊण तास झाला तरी वहिनींनी मला पाणी विचारलं नाही. मागच्या खेपेलाही नव्हतं विचारलं. परक्या धर्मात गेलेल्याला आपल्या हातानं पाणी द्यायचं नाही, असं असणार. आठवून पाहिलं तर बाप्तिस्म्याच्या आधीही विचारत नसाव्यात, पण तेव्हा माझं लक्ष गेलं नसेल. एवढंच नाही, शेजारीण येऊन बसली तिनंही पिशवीतून स्वतःची बाटली काढली. माझी कीर्ती मजलाभर पसरलेली दिसते. दादाला तहान लागली तर तो स्वतः उठून बाहेरच्या नळावर गेला. आणि वहिनी? मी बसलो होतो तेवढा वेळ त्या मोरीत पाण्याचं पिंप घासत होत्या. पिंप आरशासारखं लखलखत होतं, तरी घासत होत्या. बोटांना चिरा पडल्यात. म्हटलं, वहिनी, साबण बदला. त्या म्हणाल्या, "साबणाचं काही नाही, भाऊजी."

मी असताना भांडी घासायची म्हणजे काय ते मला कळतं. पण प्रभूच्या नावानं तहान सोसली. येताना रस्त्यावर बरं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं मोठं झाल्यासारखंही वाटत होतं.

बुधवार, २० जानेवारी

आज पुन्हा ऐकू आलं.

गाळण्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा आहे. टिल्लीला मी दोन-तीनदा केंद्र दाखवायला नेलं होतं. ती कठड्यावर चापट मारत धावायची आणि गाळण्या मोजायची. एक, दोन, तीन, सहापर्यंत. मग विचारायची, "काका, पाणी झोपतं का?" मी सांगायचो, या हौदात झोपतं, गाळ खाली बसतो. मग ती हळू बोलायची, पाण्याची झोप मोडू नये म्हणून.

दुपारी सव्वातीनला, लख्ख उन्हात, मी नळीत औषधाचे थेंब टाकत होतो आणि कठड्यावर चापट वाजली. एक. मग दुसरी. तिसरी. मी वळलो नाही. लंबू पंपघरात होता, दुसरं कुणी नव्हतं. लोखंड उन्हानं वाजतं, हे मलाही माहीत आहे. पण लोखंड सारख्या अंतरानं, पुढे सरकत वाजत नाही.

चौथी चापट माझ्या पाठीमागे वाजली. पुढे काही नाही. नळीतलं पाणी पिवळं झालं होतं, पॉइंट पाच, सगळं ठीक. मी आकडा लिहिला. लिहून पाहिलं तर पाचाचा सहा दिसत होता.

गुरुवार, २१ जानेवारी

लिहितो.

त्या दिवशी मी आगाऊ केलं होतं. आठ आकडे, मध्ये एक पॉइंट सहा. बाहेर पाऊस कोसळत होता. हिचा फोन आला, छत गळतंय, पलंगावर पाणी येतंय. अडीचला मी मागच्या फाटकातून घरी गेलो, पत्रा बसवला, गरम चहा प्यालो. सहाला परत आलो तेव्हा क्लोरिनचा सिलिंडर रिकामा होता. किती वेळ, कुणाला ठाऊक. मी सिलिंडर बदलला, हात धुतले आणि कुणाला बोललो नाही. त्या साडेतीन तासांतलं पाणी टेकडीवरच्या टाकीत गेलं. दादाची इमारत त्या टाकीच्या अगदी टोकाला. तिथला पाइप जुना, गटाराचा झिरपा आत येतो. पाण्यात क्लोरिन असलं तर काही होत नाही.

चौकशी झाली तेव्हा माझी नोंदवही पुढे ठेवली. स्वच्छ अक्षर, आठ आकडे. कागदावर आलं: पुरवठ्याचं पाणी शुद्ध, दूषण घरगुती साठवणीतून झाल्याची शक्यता. ही सरकारी भाषा, कुणाच्याच अंगाला न चिकटणारी. त्यातल्या त्यात बरं एवढंच की ठपका कुणावर आला नाही.

पुढे वर्षभर मला झोप नव्हती, म्हणून मास्तरांच्या खोलीचा जिना चढलो. तिथं सगळे म्हणत, सगळं क्षमा होतं. ते 'सगळं' म्हणत, मी मान हलवत असे. काय ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रविवार, २४ जानेवारी

मास्तरांना सांगितलं. सगळं. मला वाटलं होतं, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, "भावाला माहीत आहे?"

नाही म्हटलं.

"मग माझ्याकडे काय करतोयस?"

रविवार, ३१ जानेवारी

आज प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मास्तरांनी ते हळूच पुढच्या माणसाकडे सरकवलं. सगळ्यांनी पाहिलं. नंतर जिन्यात म्हणाले, "रागावू नकोस. आधी भावाकडे जाऊन ये, ताट कुठे पळून जात नाही."

रागावलो. ऑफिसात संत म्हणून हसतात, भावाच्या घरी पाणी मिळत नाही, आणि जिथं यायला हे सगळं सोसलं तिथं भाकरी नाही. ना घरका ना घाटका झालोय. मास्तरांना काय जातं सांगायला? दादाला सांगितलं तर तो पुन्हा तोंड बघणार नाही. नोकरी जाईल ती वेगळीच. आणि मेलेली पोर काही परत येत नाही. तीन वर्षांनी त्यांची जखम कशाला उघडायची, तीही स्वतःला हलकं वाटावं म्हणून? हा विचार मला फार पटला. हिलाही सांगितला. ती म्हणाली, "छान आहे विचार. तुम्हाला तो सुचतो तेव्हा तुम्ही नखं खाता."

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

कठडा. सहाही चापटा. मग जवळून श्वास, धावून दमलेल्या पोराचा.

शनिवार, १३ फेब्रुवारी

या आठवड्यात दोनदा दादाच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो. एकदा पाऊस येईल असं वाटलं (फेब्रुवारीत!), एकदा चप्पल तुटली.

आज ही म्हणाली, "फोन मी केला होता."

म्हटलं, छत गळत होतं, तू काय करणार.

"बादली ठेवता आली असती." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "तीन वर्षं मी त्या पत्र्याखाली झोपते. तुम्ही निदान तुमच्या देवाकडे गेलात. मी कुठे जाऊ?"

इतके दिवस मला वाटत होतं की हे माझ्या एकट्याचं आहे. आम्ही दोघं रडलो. तिनं सांगितलं, उद्या ती येईल, पण आत येणार नाही, जिन्यात उभी राहील.

रविवार, १४ फेब्रुवारी

सांगितलं.

नीट लिहायला हवं, कारण मला जसं वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. दादा खुर्चीत, वहिनी मोरीच्या दारात, मी उभा. तोंडपाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, दादा, त्या दिवशी पाणी शुद्ध नव्हतं. आकडे मी आधीच लिहिले होते. सिलिंडर रिकामा होता आणि मी घरी चहा पीत होतो.

मला वाटलं, तो उठून मला मारेल. मी तयार होतो, मनातून तेच हवं होतं. पण दादानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो वहिनींकडे बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की टिल्लीला नेलं त्या दिवशीही तसा झाला नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "पिंप मी आदल्या दिवशीच घासलं होतं."

त्या मोरीच्या दारातून दोन पावलं पुढे आल्या.

"तीन वर्षं सांगतेय. मजल्यावर मोठं पिंप माझंच, चारही बिऱ्हाडं त्यातलंच पाणी नेत होती, तुम्ही म्हणालात, तूच पाजलंस सगळ्यांना. कागदावरच लिहिलंय म्हणालात. माझ्या हातचं पाणी कुणी घेत नाही. तुम्हीसुद्धा नाही." हे सगळं दादाला. आवाज चढला नव्हता. "मलाही वाटायला लागलं होतं की नसेल घासलं."

तेव्हा मला कळलं, त्या घरात माझ्या धर्माचा विचार करायला कुणाला फुरसतच नव्हती. वहिनी कुणालाच पाणी देत नव्हत्या. ठपका कुणावर आला नाही असं मी याच वहीत लिहून ठेवलंय. मागची पानं वाचवत नाहीत.

मग दादा माझ्याकडे वळला. "तुझ्या त्या देवानं माफ केलं ना तुला? मग इथं कशाला आलास? पावती घ्यायला?"

म्हटलं, त्यानंच पाठवलंय.

"तीन वर्षांनी?"

"तो पहिल्या दिवसापासून पाठवत होता, दादा. मीच येत नव्हतो."

दादानं तोंड हातात धरलं. वहिनींनी पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, मला सांगून काय उपयोग? ज्या कागदावर माझं पिंप घाण आहे म्हणून लिहिलंय, त्या कागदावर तुमचा कागद लागला पाहिजे. लिहून द्या."

जिन्यात ही उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

दीड पान लिहून साहेबांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, दार लावलं आणि अगदी मायेनं विचारलं, "कुणी लिहायला लावलं? त्या सायकलवाल्याच्या वरच्या खोलीत?"

म्हटलं, माझं मी लिहिलंय.

त्यांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. "हे बघ. तुझंच अक्षर. एक खाडाखोड नाही. मध्ये एक पॉइंट सहासुद्धा आहे. इतकी खरी नोंद मी जन्मात पाहिली नाही. तेव्हा तू ठिकाणावर होतास. आता तुझ्या डोक्यात पाप-पाप भरवलंय त्या लोकांनी. उद्या म्हणशील, भूकंपही मीच केला." माझा कागद त्यांनी चार घड्या करून माझ्या खिशात घातला. "रजा घे पंधरा दिवस. आम्ही कुणी काही ऐकलं नाही."

खोटं लिहिलं तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला. आता खरं लिहिलं तर ते प्रार्थनेचं खूळ.

आणि तरीही, देवा, तुझ्यापासून काय लपवायचं, बाहेर पडताना मला हायसं वाटलं. सांगून झालं, नोकरीही राहिली. कठड्याजवळून आलो. तिथं शांत होतं, आणि त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

बुधवार, १७ फेब्रुवारी

वहिनींना सांगायला गेलो की साहेब कागद घेत नाहीत. मला वाटलं, रडतील, सोडून देतील. त्यांनी चपला घातल्या. "चला."

दिवसभर आम्ही साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. मी एका टोकाला, त्या दुसऱ्या. साहेब दोनदा बाहेर आले आणि दोनदा आत गेले.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

तिसरा दिवस. आज दादाही आला. बाकावर मधे जागा होती, तिथं बसला नाही, खिडकीशी उभा राहिला. लंबू येताजाता मान खाली घालत होता. दुपारी तो माझ्या कानाशी म्हणाला, "तू बुडशील तो बुडशील, आगाऊ करणारे आम्ही सगळेच बुडू. तुझा देव बघतोय आमच्याकडे?" लंबूला तीन मुली आहेत.

वहिनी मात्र बसल्या बसल्या समोरच्या आवक खिडकीकडे बघत होत्या. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "तुम्ही नोकर, म्हणून तुमचा कागद साहेबांच्या हातून जावा लागतो. लोकांचे कागद त्या खिडकीत घेतात. तीन दिवसांत तिथल्या कारकुनानं एकही परत केला नाही."

रविवार, २१ फेब्रुवारी

उपासनेला गेलो, शेवटी बसलो. मास्तरांनी काही विचारलं नाही. प्रार्थनेत मला शब्द सुचले नाहीत. फक्त म्हटलं, उद्या मला पळून जाऊ देऊ नकोस. खाली रेडिओ चालू होता.

घरी आल्यावर हिनं विचारलं, आता तरी तो आवाज थांबला का? नाही थांबला. मला वाटलं होतं, सांगितलं की थांबेल. काल बाजारात, भर गर्दीत, माझ्या मागे कुणीतरी मोजत होतं.

सोमवार, २२ फेब्रुवारी

दहा वाजता आवक खिडकी उघडली. वहिनी पहिल्या. त्यांच्या मागे दादा, मग ही, मग मी. वहिनींनी स्वतःच्या नावानं अर्ज लिहून आणला होता, चारच ओळी. मुलीच्या मृत्यूची चौकशी पुन्हा करावी, सोबत केंद्रातल्या माणसाचा जबाब जोडला आहे. जबाब माझा. खाली माझी सही, आज ताजी, कारण वहिनी म्हणाल्या, जुनी सही घडीत पुसट झालीय.

कारकुनानं वाचलं. वाचता वाचता तो सावकाश होत गेला. मग काचेतून आम्हा चौघांकडे बघितलं आणि आतल्या दाराकडे बघितलं. साहेब दारात येऊन उभे होते. म्हणाले, "बाई, हा माणूस आजारी आहे. धर्म बदलल्यापासून त्याचं हे असं आहे. त्याच्या नादी लागून तुम्ही कशाला..."

वहिनी त्यांच्याकडे वळल्या नाहीत. कारकुनाला म्हणाल्या, "शिक्का मारा."

"माहिती भरावी लागेल," कारकून म्हणाला. त्यानं मोठी वही उघडली, पट्टी लावून ओळ धरली. "मृताशी नातं?"

"आई."

त्यानं लिहिलं. त्याच्या पेनाचा आवाज येत होता. मी खिडकीची कड धरली. हिनं माझा दंड धरला.

"आणि हा जबाब देणारा. तुमचा कोण लागतो का? की कुणीच नाही?"

दादानं मान वर केली. मला वाटलं, आता म्हणतील, कुणी नाही. म्हणाव्यात असंच मला वाटत होतं, ते सोपं गेलं असतं. त्यांनी पहिल्यांदाच वळून माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती. मी शोधली, ती नव्हती.

"दीर आहे," त्या म्हणाल्या. "सख्खा. लिहा तसं."